गाडीच्या काळ्या प्लास्टिकमागे काय दडलंय? नव्या एसयूव्हीवाल्यांसाठी क्लॅडिंगची ओळख आणि निगा

गावात नवी एसयूव्ही आली की पहिले आठ दिवस लोक ती वरून पाहतात. छत उघडतं का, मागे किती जण मावतात, समोरचा पडदा केवढा. चाकांभोवती आणि दारांच्या तळाशी जो काळा दाणेदार पट्टा असतो, त्याच्याकडे कोणाचं लक्ष जात नाही. मग मृगाचा पाऊस पडतो, गाडी एकदा पांदणीतून वावरापर्यंत जाऊन येते, आणि अंगणात धाडकन दार लावलं की मातीचं ढेकूळ पायावर पडतं. ते त्या पट्ट्यामागून आलेलं असतं.

या पट्ट्याला क्लॅडिंग म्हणतात. शोरूममधला पोरगा त्याला 'मस्क्युलर लुक' म्हणतो, आमच्याकडचे डेंटर नुसतं 'काळं प्लास्टिक'. मी यवतमाळ जिल्ह्यात राहतो. वावर, घर, तालुका आणि महिन्यातून एखादी नागपूरची चक्कर, एवढंच माझ्या गाडीचं जग. त्या जगात या प्लास्टिकने मला दोनदा वाचवलं आणि एकदा चांगलंच बुडवलं. पहिल्यांदा एसयूव्ही घेणाऱ्याला हे आधीच माहीत असलेलं बरं, म्हणून लिहितोय. क्लॅडिंग समोरून कसं दिसतं याची फार चिंता करू नका. त्याच्या पाठीमागे काय साचलंय ते पाहत जा. पुढचं सगळं याच्याभोवतीच फिरतं.

हे असतं कशाला?

डांबरी रस्त्याचं ठिगळकाम झालं की आठवडाभर सुटी गिट्टी पसरलेली असते. पुढचं चाक ती गिट्टी उचलून थेट मागे फेकते. मार बसतो तो चाकाच्या कमानीला आणि दाराखालच्या पट्टीला. तिथे रंगवलेला पत्रा असेल तर रंगाचा टवका उडतो, उघड्या पत्र्याला पाणी लागतं आणि दोन पावसाळ्यांत गंजाचा फोड येतो. तिथे प्लास्टिक असेल तर ओरखडा येतो आणि विषय संपतो. या प्लास्टिकला वरून रंग दिलेला नसतो, काळा रंग त्याच्या अंगातच असतो. त्यामुळे ओरखडा फारसा उठून दिसत नाही. मला पहिल्यांदा वाचवलं ते असं, गिट्टीच्या ट्रकमागे तासभर अडकलो होतो तेव्हा. दुसऱ्यांदा, धुऱ्याजवळच्या वळणावर समोरून कापसाची बंडी आली आणि तिचं चाक माझ्या दाराखालून घासत गेलं. पट्ट्यावर हातभर लांब चर पडली, पत्र्याला काही नाही.

दुसरं कारण दिखाव्याचं आहे, तेही मोकळेपणाने सांगतो. एसयूव्हीची बाजू उंच असते. ती सगळीच एका रंगात ठेवली तर गाडी कपाटासारखी दिसते. खालचा भाग काळा केला की अंग सडपातळ आणि गाडी उचललेली वाटते. प्रत्यक्षात क्लॅडिंगमुळे गाडी जमिनीपासून एक सूतही वर जात नाही. २०१४ मध्ये टोयोटाने आपल्याकडे इटिऑस क्रॉस आणली. मूळ गाडी लिव्हा हॅचबॅकच होती, तिला चहूबाजूंनी काळे पट्टे चढवले होते.

गरज आणि दिखावा हे दोन्ही धागे जुनेच आहेत. अमेरिकेत एएमसी कंपनीने १९८० च्या मॉडेलची ईगल काढली. साध्या कारचं अंग, चारही चाकांना जोर आणि चाकांभोवती प्लास्टिकच्या रुंद कमानी असा तो घाट होता. उलट २००१ च्या पोंटियाक ॲझ्टेकवर राखाडी प्लास्टिक इतकं थापलं होतं की तिची थट्टा झाली आणि कंपनीला पुढच्या वर्षी ते गाडीच्याच रंगात रंगवावं लागलं. आपल्याकडे २०१२ च्या डस्टरनंतर छोट्या एसयूव्हींचा पूर आला आणि काळा पट्टा घरोघरी पोचला.

काय होत नाही तेही ऐका. रात्री रोही आडवा आला किंवा रानडुक्कर धडकलं तर क्लॅडिंग काही कामाचं नाही. ते गिट्टी, काटे आणि चिखलासाठी आहे. म्हणून लोखंडी गार्ड लावायचा विचार असेल तर तो सोडा. डिसेंबर २०१७ मध्ये केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने अशा क्रॅश गार्डांवर कारवाई करायला राज्यांना सांगितलं आहे. शिवाय धडकेचा मार वेगळ्याच वाटेने आत गेल्याने एअरबॅगच्या सेन्सरचं गणित बिघडू शकतं.

गाडी घेताना काय पाहायचं

शोरूममध्ये उभे न राहता खाली बसा. पँट मळली तरी चालेल, दहा-बारा लाखांचा मामला आहे.

क्लॅडिंग तीन तऱ्हेचं असतं. एक, दाणेदार मळकट काळं, हाताला खरखरीत लागणारं. दोन, आरशासारखं चकचकीत काळं. तीन, गाडीच्याच रंगात रंगवलेलं. आपल्या भागात पहिलंच घ्या. चकचकीत पट्टा शोरूमच्या दिव्याखाली देखणा दिसतो, पण धुळीवर एकदा कोरडं फडकं फिरलं की त्यावर जाळं उमटतं, आणि पऱ्हाटीच्या दोन ओळींमधून गाडी वळवली की संपलंच. रंगवलेल्या पट्ट्याला ओरखडा गेला तर आतलं काळं प्लास्टिक डोकावतं आणि पुन्हा रंगवायचा खर्च पत्र्याइतकाच येतो. कधी कधी महागड्या व्हेरिएंटवर चकचकीत पट्टा असतो आणि खालच्यावर दाणेदार. अशा वेळी खालचा व्हेरिएंट घेणाऱ्याला कमीपणा वाटायचं कारण नाही.

मग विक्रेत्याला दोन प्रश्न विचारा. एका चाकाच्या कमानीच्या पट्ट्याची सुट्या भागाची किंमत किती? आणि पट्टे क्लिपवर बसवलेत की टेपवर? बहुतेकदा दोन्ही असतात. क्लिपवाला पट्टा काढून धुऊन परत बसवता येतो. टेपवाला एकदा उपटला की टेप नवी लागते. उत्तर माहीत नसेल तर सर्व्हिस विभागातल्या माणसाला बोलवायला सांगा, तो सांगेल.

जुनी गाडी घेत असाल तर हाच पट्टा गाडीचा इतिहास सांगतो. चारही बाजूंची काळी छटा ताडून पाहा. तीन पट्टे उन्हाने पांढुरके आणि चौथा कोरा काळा असेल तर त्या कोपऱ्यावर काहीतरी घडलंय. एकच अख्खी बाजू फिकट असेल तर घाबरू नका, गाडी वर्षानुवर्षं पश्चिमेकडे कूस करून उभी राहत असेल. जुन्या गाडीचे सगळेच पट्टे नवेकोरे असतील तर मात्र जास्त संशय घ्या. मोबाइलचा टॉर्च लावून पट्ट्याच्या खालच्या कडेत पाहा, बोट घालून चाचपा. हाताला तांबडी पूड लागली तर समजा, वरून कीर्तन आतून तमाशा. पट्ट्याच्या लगेच वरच्या पत्र्यावर छोटं लोहचुंबक फडक्यात गुंडाळून फिरवा. मध्येच एका जागी ते पकडत नसेल तर तिथे पत्र्याऐवजी लांबी, म्हणजे डेंटरची पुट्टी, भरलेली आहे.

बाहेरून बसवून घ्यायचं असेल तर

मी बुडालो ते इथे. माझ्या पहिल्या गाडीला दाराखाली पट्टा नव्हता. जिल्ह्याच्या ठिकाणी एका दुकानात तयार सेट मिळाला आणि तासाभरात बसवूनही मिळाला. पोरगा ड्रिल घेऊन आला, प्रत्येक बाजूला सात-आठ भोकं पाडली आणि लोखंडी स्क्रू आवळले. मी चहा पीत कौतुकाने पाहत होतो. दोन पावसाळ्यांनंतर दाराखालच्या पट्टीवर रंग फुगायला लागला म्हणून तालुक्याच्या डेंटरकडे गेलो. त्याने पट्टा काढला, आत पाहिलं आणि म्हणाला, "भाऊ, हे माती नाही, वावरच भरून आणलं तुमी." प्रत्येक भोकाभोवती रुपयाएवढा गंज होता आणि एका जागी पेचकस आरपार गेला. त्या प्लास्टिकची जेवढी किंमत होती, त्याच्या चौपट पत्रा कापून जोडायला लागले.

म्हणून क्रम असा ठेवा.

आधी कंपनीच्या ॲक्सेसरीमध्ये तुमच्या गाडीचा सेट आहे का ते विचारा. महाग पडतो, पण तो गाडीच्या मापाचा असतो आणि बहुधा नवीन भोक न पाडता बसतो.

बाहेरचाच घ्यायचा झाला तर फायबरचा घेऊ नका. फायबर कडक असतं, दगड लागला की तडकतं. हाताने जरा वाकवून पाहा. वाकून परत सरळ होतं ते आपल्या कामाचं.

टेपवर बसवणार असाल तर तो दिवस कोरडा हवा. पत्रा आधी साबणाने, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसायचा. पेट्रोलने पुसू देऊ नका, त्याचा तेलकट थर राहतो. टेप लावल्यावर बोटाने नव्हे, तळहाताने जोर देऊन पूर्ण लांबीभर दाबायची. फोमच्या दुतर्फी टेपची बरीचशी पकड एका दिवसात येते, पूर्ण यायला साधारण तीन दिवस लागतात. तोवर गाडी धुवायची नाही. दुकानदार "आताच घेऊन जा, धुवा, काही होत नाही" म्हणेल. म्हणू द्या.

भोक पाडण्यावाचून पर्यायच नसेल तर उघड्या कडेला गंजरोधक प्रायमर लावून वाळू द्या, मगच प्लास्टिकची क्लिप बसवा. स्क्रू नकोच. आणि पट्टा पूर्ण लांबीला एम-सील किंवा कडक गोंद लावून जाम करू देऊ नका. थंडीतली पहाट आणि मे महिन्यातली दुपार यांत काळ्या पट्ट्याच्या तापमानात सहज साठेक अंशांचा फरक पडतो. तेवढ्याने मीटरभर पट्टी चार-पाच मिलिमीटर लांबते आणि तिच्यामागचा पत्रा एक मिलिमीटरही नाही. प्लास्टिकला सरकायला जागा नसेल तर ते फुगून त्याची लाट होते. कंपनीच्या पट्ट्यांवर भोकं गोल नसून लांबट असतात ती याचसाठी.

पावसाळ्यातलं धुणं

मातीमातीत फरक आहे. यवतमाळ, अकोला, अमरावती, वर्ध्याकडची काळी कपाशीची माती ओली असताना फुगते, चिकटते आणि वाळली की विटेसारखी कडक होते. भंडारा-गोंदियाच्या धानपट्ट्यात चिखल पातळ, पण तो खूप आत शिरतो. वणी-चंद्रपूरकडे कोळशाची भुकटी, एटापल्ली-आलापल्लीकडे लोहखनिजाचा तांबडा धुराळा. यात सर्वांत वाईट आपली काळीच, कारण ती पाणी धरून ठेवते. पट्ट्यामागे तिचा गोळा बसला की बाहेर चार दिवस ऊन असलं तरी आत पत्रा ओलाच राहतो. गंजाला याहून वेगळं काही लागत नाही.

गावात एक सवय आहे, वाळलेली माती काडीने किंवा खुरप्याने खरवडून काढायची. मीही करायचो. त्याने प्लास्टिकचे दाणे झिजतात आणि पट्ट्याच्या कडेचा रंग जातो. त्याऐवजी असं करा. गाडी सावलीत घ्या. साध्या पाइपाने चारही कमानी आणि खालची पट्टी भिजवा आणि दहा-पंधरा मिनिटं सोडून द्या. तेवढ्यात बाकीची गाडी धुवा. परत येऊन पाणी मारा, माती आपोआप ढेकळाने सुटते. मग कमानीच्या आतल्या ओठात, म्हणजे पत्रा आतल्या बाजूला दुमडलेला असतो त्या खोबणीत, चारही बोटं घालून कडेकडेने फिरवा. सगळ्यात जास्त माती तिथेच असते आणि वॉशिंग सेंटरवाला तिथे कधीच हात घालत नाही. बाभळीचा काटा असू शकतो, तेव्हा हातमोजा घाला.

प्रेशरचा पाइप असेल तर नळी हातभर लांब धरा. पट्टा आणि पत्रा यांच्या फटीत सरळ झोत मारू नका, टेप सुटते आणि माती आणखी आत ढकलली जाते. झोत खालून वर, चाकाच्या बाजूने मारायचा.

यानंतरचं काम दोन मिनिटांचं आहे आणि जवळपास कोणीच करत नाही. दारांच्या खालच्या कडेला छोट्या फटी किंवा भोकं असतात. काचेवरून आत उतरलेलं पाणी तिथून बाहेर पडतं. दाराखालच्या पट्टीलाही अशी भोकं असतात. मातीने ती बुजली की दारात पाणी साचतं. दार हलवल्यावर आतून खळखळ ऐकू आली तर समजायचं. झाडूची काडी घालून ती मोकळी करा. खिळा घालू नका.

पंक्चर काढतानाचीही एक गोष्ट इथेच सांगून टाकतो. जॅक लावायची जागा पट्ट्याच्या आत, पत्र्याच्या दुमडीवर असते. तिथे खाचेची खूण असते आणि मालकाच्या पुस्तिकेत चित्र दिलेलं असतं. घाईत जॅक प्लास्टिकखाली लावला तर कडकन आवाज येतो आणि पट्टा दोन जागी फाटतो. पंक्चरवाल्यावर सोडू नका, खाली वाकून तुम्ही दाखवा.

दसऱ्यानंतर एकदा उघडून पाहणं

दसऱ्याला आपण गाडी धुतो, झेंडूचा हार घालतो, आपट्याची पानं ठेवतो. पाऊस संपलेला, ऊन बरं, प्लास्टिक ना फार मऊ ना फार कडक. पट्टे उघडायला हाच काळ. थंडीच्या पहाटे हे करू नका, गारठ्यात क्लिपा टणक होऊन मोडतात. गाडी वॉरंटीत असेल तर सर्व्हिसिंगच्या वेळी सेंटरमध्येच उघडून दाखवायला सांगा. ते कुरकुरतात, पण करतात.

स्वतः करणार असाल तर आधी फक्त मागच्या एका चाकाची कमान घ्या. मोबाइलवर सगळ्या क्लिपांचे फोटो काढा. क्लिपेत मध्ये एक छोटी खुंटी असते. पेचकसाच्या टोकाला फडकं गुंडाळून आधी ती खुंटी उचला, मग अख्खी क्लिप बाहेर येते. काही क्लिपांची खुंटी उलट आत दाबायची असते, तेव्हा उचलून येत नसेल तर जोर करू नका, दाबून पाहा. दिसणाऱ्या क्लिपा निघाल्यावर पट्टा हाताने एका टोकाकडून, पत्र्यापासून सरळ बाहेर ओढा. आत आणखी काही क्लिपा नुसत्या ओढीवर सुटतात, टकटक असा आवाज येतो. दोन-तीन तुटणारच, मन घट्ट करा. बंपरच्या पट्ट्यात पार्किंग सेन्सरच्या वायरी असू शकतात, तिथे ओढाओढ नको.

पट्टा निघाला की आतलं दृश्य पाहून धक्का बसेल. कुटार, तुरीच्या काड्या, वाळलेली माती, एखादा खिळा. सगळं धुऊन काढा आणि उन्हात तासभर वाळू द्या. मग पत्रा पाहा. नुसता डाग असेल, बोटाने पुसला जात असेल तर काही नाही. रंग फुगला असेल तर तारेच्या ब्रशने चकाकता पत्रा दिसेपर्यंत घासा, रेड ऑक्साइड किंवा झिंक प्रायमरचे दोन हात द्या, वरून रंग. इथली छटा जुळली नाही तरी हरकत नाही, प्लास्टिकखाली कोण पाहणार? पत्रा दाबल्यावर आत जात असेल तर मात्र डेंटरकडे जा, रंग लावून झाकू नका.

परत बसवताना आधी वरची टोकं, मग मधल्या क्लिपा, शेवटी खालच्या. सगळ्या हलक्या बसवून झाल्यावर एकेक पक्की करा. आमच्या शेजारच्या काकांनी मला असा पसारा मांडून बसलेला पाहिलं आणि म्हणाले, "चांगलं तं दिसून रायलं, कायले काढून ठेवलं?" त्यांच्या जीपला क्लॅडिंग नाही, त्यामुळे त्यांचा गंज बाहेरूनच दिसतो. एका अर्थी त्यांचं बरंच आहे.

पांढरं पडलेलं काळं कसं करायचं

हे प्लास्टिक बहुतेक वेळा पॉलिप्रॉपिलीन असतं, त्यात लवचीकपणासाठी रबरासारखा घटक आणि कडकपणासाठी शंखजिऱ्याची पूड मिसळलेली असते. काळेपणा काजळीचा. ती काजळी ऊन शोषून घेते म्हणून प्लास्टिक टिकतं, पण आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो आणि ऊन सकाळी आठपासून भाजायला लागतं. वर्षानुवर्षांत वरचा पातळ थर तुटतो, त्याची पूड होते आणि पट्टा राखेसारखा दिसतो. हे वरवरचं असतं. त्यामागची गाडी ठणठणीत असेल तर घाईने खर्च करू नका.

लोक काय काय लावतात! जळकं इंजिन ऑइल, डिझेल, खोबरेल, बुटाचं पॉलिश. सगळ्यांनी दोन दिवस काळंभोर दिसतं आणि तिसऱ्या दिवशी त्यावर धूळ लिंपली जाते. डिझेल आणि जळकं ऑइल शेजारच्या रबरी पट्ट्या फुगवतं, तेव्हा ते नकोच. कोणी घरचं जवसाचं तेल सुचवेल. त्यात थोडं तथ्य आहे, जवसाचं तेल हवेत सुकून त्याची पातळ पापडी होते. पण कच्चं तेल सुकायला कित्येक दिवस घेतं आणि तोवर रस्त्याची धूळ धरतं. शिवाय जवसाच्या तेलाचे बोळे गोळा करून ठेवले तर आपोआप तापून पेट घेऊ शकतात. वापरलंच तर फडकं उलगडून मोकळ्या जागी वाळत टाका, कुटाराच्या ढिगाजवळ तर मुळीच ठेवू नका.

बरोबर रीत साधी आहे. आधी साबण आणि जुन्या टूथब्रशने दाण्यांतला मळ काढा. बऱ्याचदा निम्मा पांढरेपणा हा गाडीला पॉलिश करताना दाण्यांत अडकलेला वॅक्स असतो. तो पेन्सिलीच्या खोडरबरने घासूनही निघतो. पुढच्या वेळी पॉलिश करण्याआधी पट्ट्याला कागदी टेप लावा. पट्टा पूर्ण वाळला की पाण्यावर आधारित ट्रिम ड्रेसिंग, म्हणजे प्लास्टिक काळं दिसावं म्हणून लावायचं द्रव, स्पंजने पातळ लावा, पाच मिनिटांनी कोरड्या फडक्याने पुसा. पावसाळ्यात ते काही आठवडेच टिकतं. जास्त टिकाऊ हवं असेल तर प्लास्टिकसाठीचं सिरॅमिक कोटिंग मिळतं, ते बरेच महिने जातं, पण आधीची स्वच्छता चुकली तर मळासकट पक्कं बसतं.

हीट गनचे व्हिडिओ तुम्ही पाहिले असतील, गरम हवा मारली की पट्टा जादूसारखा काळा होतो. होतो खरा. पण पॉलिप्रॉपिलीन १६० अंशांच्या आसपास वितळतं आणि हीट गनची हवा त्याच्या कितीतरी वर जाते. एका जागी दोन सेकंद जास्त थांबलं की दाणे सपाट होऊन कायमचा डाग पडतो. मागची टेप सुटते ती वेगळीच. जुन्या पट्ट्यावर एकदा करून पाहायला हरकत नाही, नव्यावर नाही.

याहून स्वस्त उपाय म्हणजे गाडी निंबाच्या सावलीत लावणं, आणि सावली नसेल तर दर आठवड्याला तोंड फिरवून उभी करणं.

तुटलं तर

फेविक्विक चालणार नाही. पॉलिप्रॉपिलीनला साधा गोंद धरतच नाही, रंगही प्रायमरशिवाय पापुद्र्यासारखा सुटतो. पट्ट्याच्या मागच्या बाजूला बारीक अक्षरांत साहित्याची खूण असते. 'पीपी' अशी सुरुवात असेल तर त्याला वितळवून जोडणं हाच उपाय, तोही त्याच प्लास्टिकच्या कांडीने. बंपर जोडणारे हे काम करतात. 'एबीएस' असेल तर त्याला योग्य गोंद धरतो. बाजारातले अनेक स्वस्त सेट आणि चकचकीत पट्टे या दुसऱ्या जातीचे असतात. चीर मध्यभागी असेल तर जोडा. पण क्लिपेचा कान तुटला असेल आणि पट्टा सैल फडफडत असेल तर बदला. समृद्धी महामार्गावर ताशी १२० ने जाताना सैल पट्टा वारा भरून सुटतो आणि मागच्याच्या काचेवर जातो. नागपूरला निघायच्या आधी चारही पट्टे हाताने ओढून पाहायची सवय मी त्यासाठीच लावून घेतली आहे.

विम्याचा हिशोब मात्र शांतपणे करा. साध्या पॉलिसीत प्लास्टिक, रबर आणि नायलॉनच्या भागांवर ५० टक्के घसारा कापतात, गाडी नवी असली तरी. समजा पट्टा ४,००० रुपयांचा आहे. घसारा गेल्यावर २,००० उरले. १,५०० सीसीपर्यंतच्या गाडीला दर दाव्यामागे सक्तीची १,००० रुपयांची कपात. हाती आले १,०००, आणि पुढच्या वर्षीचा नो क्लेम बोनस, म्हणजे दावा न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, गेला. हा बोनस पहिल्या बिनदाव्याच्या वर्षानंतर २० टक्के असतो आणि वाढत ५० टक्क्यांपर्यंत जातो. तेव्हा एकट्या पट्ट्यासाठी दावा करू नका. झिरो डेप घेतलेली असेल तर घसारा वाचतो, बोनस मात्र तरीही जातो. पट्ट्यासोबत दार, बंपर असं मोठं नुकसान असेल तेव्हाच कागद काढा.

राहता राहिल्या क्लिपा. डॅशबोर्डच्या खणात दहा-बारा सुट्या ठेवा. कंपनीच्या थोड्या महाग, बाजारातल्या काही रुपयांना एक. भोकाचं माप सहा ते दहा मिलिमीटरमध्ये कुठेही असू शकतं आणि डोळ्यांनी ते ओळखू येत नाही, म्हणून दुकानात जाताना जुनी क्लिप खिशात घेऊन जा. तुटकी असली तरी चालेल.